साठा किती आणि वाट कोणती? : पेशींतील कार्बनचा मागोवा व आपले कर्तव्य

गेल्या काही वर्षांत आयुर्वेदीय औषधांच्या माहितीपत्रकांतून एक नवी भाषा डोकावू लागली आहे. पूर्वी ग्रंथोक्त पाठ, घटकद्रव्ये, रोगाधिकार, मात्रा आणि अनुपान एवढ्यावर पत्रक संपत असे. आता त्याखाली 'मानवी पेशींवर सिद्ध', 'पेशींच्या चयापचयावर प्रत्यक्ष परिणाम', 'कर्कपेशींचा ऊर्जापुरवठा रोखणारे' अशी वाक्ये छापली जातात आणि सोबत एखादा रंगीत आलेखही जोडलेला असतो. औषधनिर्मात्याने प्रयोगशाळेचा आधार घ्यावा यात गैर काहीच नाही. त्या आधाराचे स्वरूप काय, तो किती भार पेलू शकतो आणि त्याच्या बळावर रुग्णाला कोणते आश्वासन देता येते, याचा विचार मात्र आपल्या व्यवसायात अद्याप पुरेसा झालेला नाही, असे आम्हांस वाटते. तो विचार व्हावा, या हेतूने हे टिपण वैद्यबंधुभगिनींच्या व औषधनिर्मात्यांच्या समोर ठेवीत आहोत.

चर्चेसाठी आम्ही पेशींच्या चयापचयाची सर्वांत काटेकोर समजली जाणारी पद्धत निवडली आहे. संवर्धित मानवी पेशींना खुणेचा कार्बन देऊन त्याचा मागोवा घेणे, ही ती पद्धत होय. (येथे पेशी म्हणजे मांसपेशी नव्हे, तर देहाचा सूक्ष्म घटक, ज्यास आपण सर्वजण सेल म्हणतो, हे आरंभीच स्पष्ट केलेले बरे.) उत्तमातील उत्तम पद्धत काय सांगू शकते आणि काय सांगू शकत नाही हे एकदा ध्यानात आले, म्हणजे त्याहून हलक्या चाचण्यांची किंमत आपोआप कळेल.

खुणेचा कार्बन

निसर्गातील बहुतेक कार्बन अणूंचा भार १२ असतो. सुमारे १.१ टक्के अणूंमध्ये एक न्यूट्रॉन अधिक असल्याने त्यांचा भार १३ भरतो. हा कार्बन-१३ किरणोत्सारी नाही. तो रासायनिक वर्तनात जवळजवळ आपल्या भावंडासारखाच असतो. फक्त वजनाने किंचित जड. त्यामुळे शरीर त्याला परका मानीत नाही आणि तराजू मात्र त्याला ओळखतो. आपल्यापैकी ज्यांनी अम्लपित्ताच्या रुग्णांना हेलिकोबॅक्टर जंतूसाठी श्वासाची चाचणी करण्यास पाठविले असेल, त्यांना ही युक्ती परिचितच आहे. रुग्णास कार्बन-१३ असलेला युरिया पाजतात. आमाशयात तो जंतू असल्यास युरिया फुटतो आणि तोच जड कार्बन उच्छ्वासातील वायूत सापडतो. खुणेचे द्रव्य आत घालावे आणि ते कोठे, कोणत्या रूपात बाहेर पडते ते पाहावे, एवढेच या पद्धतीचे सार आहे.

तिचा इतिहास जुना आहे. जॉर्ज हेवेसी यांनी १९२३ साली किरणोत्सारी शिसे वापरून वनस्पतीतील त्याचा प्रवास पाहिला. हॅरल्ड युरी यांनी जड हायड्रोजन शोधल्यावर रुडॉल्फ शोनहायमर व डेव्हिड रिटेनबर्ग यांनी १९३५ साली न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात त्याची खूण केलेला स्नेह उंदरांना खाऊ घातला. खाल्लेला स्नेह तात्काळ जळत असावा आणि साठ्यातील मेद अडचणीच्या काळासाठी स्वस्थ पडून राहत असावा, अशी तोवरची समजूत होती. आढळले ते वेगळेच. खुणेचा स्नेह मोठ्या प्रमाणात मेदाच्या साठ्यात गेला आणि तेथील जुना स्नेह त्याच वेळी खर्ची पडला. वजन स्थिर, साठा स्थिर, पण आतील द्रव्य अखंड बदलत असलेले! ज्या शास्त्राने शरीर या शब्दाच्या व्युत्पत्तीतच झिजण्याचा अर्थ पाहिला, त्याच्या उपासकांना या निष्कर्षाचे नवल वाटू नये. पण निष्कर्ष तर्काने मांडणे निराळे आणि तो मोजून दाखविणे निराळे, हेही मान्य केले पाहिजे.

आता संवर्धित पेशींकडे वळू. पेशी एका उथळ पात्रात, पोषक द्रवात वाढविलेल्या असतात. त्या द्रवातील साधे ग्लुकोज काढून त्या जागी, ज्याचे सहाही कार्बन जड आहेत असे ग्लुकोज घालतात. ठरावीक वेळानंतर पेशींचे व्यापार अतिथंड मिथेनॉलने एका क्षणात गोठवितात, कारण काही मध्यवर्ती द्रव्ये अवघ्या काही सेकंदांत पालटतात आणि विलंब झाला तर पाहायचे ते हरवते. मग पेशींतील द्रव्ये वेगळी करून मास स्पेक्ट्रोमीटर या यंत्रावर त्यांचा भार पाहतात. सहा कार्बनांचे ग्लुकोज दोन समान भागांत तुटते. त्यापासून झालेल्या लॅक्टिक आम्लाचा भार ९० ऐवजी ९३ भरतो. तोच तुकडा क्रेब्जच्या चक्रात शिरताना एक कार्बन वायुरूपाने गमावतो व उरलेले दोन सायट्रिक आम्लात जातात. त्याचा भार १९२ वरून १९४ होतो.

या पद्धतीचे खरे सामर्थ्य ग्लुटामिन या अमिनो आम्लाच्या उदाहरणात दिसते. त्याचे पाचही कार्बन जड घेतले आणि ते क्रेब्जच्या चक्रातून सरळ दिशेने गेले, तर वाटेत एक कार्बन गळतो आणि पहिल्या फेऱ्यात सायट्रिक आम्लाचा भार १९६ येतो. तेच द्रव्य उलट दिशेने गेले तर पाचही कार्बन टिकतात आणि भार १९७ येतो. पेशीत सायट्रिक आम्लाचे एकूण प्रमाण दोन्ही वेळा तंतोतंत सारखे असू शकेल. प्रमाण मोजणाऱ्याला दोन्ही पेशी एकसारख्या वाटतील. वाट पाहणाऱ्याला त्या परस्परविरुद्ध दिशेने चालताना दिसतील.

हा भेद वैद्याला समजण्यास कठीण जाऊ नये. एखाद्या स्रोतसात द्रव्य वाढलेले दिसले तर आपण लगेच निदान करीत नाही. ती अतिप्रवृत्ती आहे की संग आहे, हे आपण पाहतो, कारण दोहोंची चिकित्सा भिन्न आहे. टाकीतील पाणी वरचा नळ मोठा केल्याने वाढते तसे खालची तोटी बंद केल्यानेही वाढते. पेशीतील एखाद्या द्रव्याचा साठा वाढला, म्हणून त्याची निर्मिती वाढली असे म्हणणारे पत्रक हा साधा भेदच विसरलेले असते.

या मागोव्याने काय दाखविले?

ऑटो वारबर्ग यांनी १९२० च्या दशकात दाखविले की, प्राणवायू उपलब्ध असतानाही अर्बुदाच्या पेशी ग्लुकोजचे मोठ्या प्रमाणावर लॅक्टिक आम्ल करतात. त्यावरून पेशींचे श्वसनच बिघडलेले असते असा सिद्धान्त त्यांनी मांडला आणि तो दीर्घकाळ उद्धृत होत राहिला. खुणेच्या कार्बनने त्यात मोठी दुरुस्ती केली. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातील संशोधकांनी २००७ साली मेंदूच्या अर्बुदाच्या संवर्धित पेशींत दाखविले की, क्रेब्जचे चक्र बंद पडलेले नसून उत्तम चाललेले असते, आणि त्यात ग्लुटामिनचा कार्बन मोठ्या प्रमाणात ओतला जातो. प्रथिने व न्यूक्लिक आम्ले घडविण्यास लागेल त्याहून कितीतरी अधिक. पुढे २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या दोन संशोधनांनी वर सांगितलेली उलटी वाट पुढे आणली. प्राणवायू कमी पडला किंवा मायटोकॉन्ड्रियात दोष असला, तर पेशी ग्लुटामिनपासून उलट्या मार्गाने सायट्रिक आम्ल करतात व त्यापासून स्नेह घडवितात.

या निष्कर्षांवरून सर्वांनाच असे वाटू लागले की, कर्कपेशी ग्लुटामिनवर जगते. तेव्हा ग्लुटामिनची वाट अडविली की रोग आटोक्यात येईल. ती वाट अडविणारी द्रव्येही तयार झाली. कथा येथेच संपली असती, तर माहितीपत्रके लिहिणाऱ्यांचे काम फारच सोपे झाले असते.

पात्राचा प्रभाव

परंतु मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी येथील संशोधकांनी एक साधा प्रश्न विचारला. पात्रातील पेशी जशी वागते तशी देहातील वागते काय? त्यांनी फुप्फुसात अर्बुद असलेल्या जिवंत उंदरांच्या रक्तात खुणेचे ग्लुकोज व खुणेचे ग्लुटामिन सोडले, आणि त्याच अर्बुदापासून काढलेल्या पेशी पात्रात वाढवून त्यांनाही तेच दिले. २०१६ साली प्रसिद्ध झालेला निष्कर्ष विचार करायला लावणारा होता. पात्रातील पेशी क्रेब्जच्या चक्रासाठी ग्लुटामिनवर मोठ्या प्रमाणात विसंबून होत्या; देहातील अर्बुद मात्र त्यासाठी ग्लुटामिन फारच थोडे वापरीत होते आणि ग्लुकोजचा कार्बन अधिक घेत होते. ग्लुटामिनची वाट अडविल्यावर पात्रातील पेशी थांबल्या. देहातील अर्बुद वाढतच राहिले.

असे का व्हावे? याच प्रश्नाचा पाठपुरावा करणारे संशोधन २०१७ साली प्रसिद्ध झाले. पोषक द्रवात सिस्टीन हे एक अमिनो आम्ल रक्तातील प्रमाणाहून बरेच अधिक घातलेले असते. तेवढ्याने पेशी ग्लुटामिनकडे वळते असे त्यात दिसले. एका घटकाचे प्रमाण बदलले आणि पेशीची आहारपद्धतीच बदलली.

मुळात हे पोषक द्रव कसे ठरले, हेही जाणून घेतले पाहिजे. हॅरी ईगल यांनी १९५० च्या दशकात, पेशी जगण्यास व वाढण्यास किमान काय लागते, हे शोधून त्यांचे पाठ सिद्ध केले. पेशी भराभर वाढावी हा त्यांचा हेतू होता. रक्ताची हुबेहूब प्रतिकृती करणे हा नव्हता. आज प्रयोगशाळांत सर्रास वापरल्या जाणाऱ्या त्या परंपरेतील एका द्रवात ग्लुकोजचे प्रमाण लिटरला ४५०० मिलिग्रॅम असते. आपल्या नेहमीच्या हिशेबात ते १०० मिलिलिटरला ४५० मिलिग्रॅम झाले. उपाशीपोटी रक्तात एवढी साखर असलेला रुग्ण समोर आला तर आपण त्याला तातडीने रुग्णालयात पाठवू. त्या साखरेत बुडालेल्या पेशीवर एखाद्या प्रमेहघ्न द्रव्याचा परिणाम पाहून तो निरोगी मनुष्यालाही लागू करावयाचा, हे कितपत सयुक्तिक?

आणखी एक उदाहरण आपल्या विशेष परिचयाच्या द्रव्याचे आहे. वातरक्ताच्या रुग्णात आपण ज्या युरिक आम्लाची तपासणी करवून घेतो, ते मनुष्याच्या रक्तात उंदराच्या रक्तापेक्षा कितीतरी अधिक असते. कारण ते फोडणारे युरिकेज हे पाचक द्रव्य मानवी देहात कार्यक्षम नाही. नेहमीच्या पोषक द्रवाच्या पाठात युरिक आम्ल नसतेच. अमेरिकेतील व्हाइटहेड इन्स्टिट्यूटमधील संशोधकांनी मानवी रक्तरसाशी मिळताजुळता द्रव तयार केला व २०१७ साली दाखवून दिले की, त्यातील युरिक आम्लामुळे पिरिमिडीन घडविणाऱ्या एका एन्झाइमास अटकाव होतो आणि फ्ल्युओरोयुरॅसिल या सुप्रसिद्ध कर्करोगविरोधी औषधाचा पेशींवरील परिणाम घटतो. अर्धशतकाहून अधिक काळ ज्या पात्रांत औषधे पारखली गेली, त्यांत माणसाच्या रक्तातील हा नित्याचा घटकच नव्हता.

याची किंमत रुग्णांनीही मोजली आहे. ग्लुटामिनची वाट अडविणारे टेलाग्लेनास्टॅट हे औषध मूत्रपिंडाच्या प्रगत कर्करोगात प्रचलित औषधाच्या जोडीला देऊन पाहिले गेले. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या त्या चाचणीत रोग बळावण्यापूर्वीचा काळ काही वाढला नाही. ज्या औषधामागे खुणेच्या कार्बनचे इतके बारकाईचे संशोधन होते त्याची ही गत, तर एका रंगचाचणीच्या आधारावर 'कर्कपेशींची ऊर्जा रोखणारे' असे छापणाऱ्या पत्रकाची काय कथा?

हे सांगताना पद्धतीला दोष देण्याचा आमचा मुळीच हेतू नाही. पात्राची मर्यादा ज्यांनी दाखविली त्यांनीही हीच पद्धत वापरली. पुढे अमेरिकेत डॅलस येथील संशोधकांनी फुप्फुसाच्या कर्करोगाच्या रुग्णांना, त्यांच्या संमतीने, शस्त्रक्रियेच्या वेळी खुणेचे ग्लुकोज शिरेवाटे दिले व काढलेल्या अर्बुदात त्याचा माग घेतला. २०१६ व २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासांत मानवी अर्बुदे ग्लुकोजचे ज्वलन करतात, एवढेच नव्हे तर रक्तातील लॅक्टेटही इंधन म्हणून वापरतात, असे दिसले. ज्याला दीर्घकाळ केवळ टाकाऊ मानले गेले होते, तेच द्रव्य अन्यत्र पोषक ठरले. कार्बन-१३ किरणोत्सारी नसल्यामुळेच असे अभ्यास मनुष्यात करता येतात.

आपल्या औषधांच्या विशेष अडचणी

आता प्रश्न आपल्या कल्पांचा. एकेका शुद्ध रसायनाबाबत जर इतके प्रश्न उद्भवतात, तर क्वाथ, आसव किंवा घनसत्त्व पात्रात घातल्यावर ते अनेकपटींनी वाढणार हे उघड आहे. औषधनिर्मात्यांनी पुढील गोष्टी विशेष ध्यानात घ्याव्यात.

प्रथम, आपल्या अनेक योगांत स्वतःचीच शर्करा असते. मनुका आणि मध यांत ग्लुकोज आयतेच असते. समजा, पात्रात १० भाग खुणेचे ग्लुकोज आहे आणि आपल्या द्राक्षायुक्त योगाबरोबर १० भाग साधे ग्लुकोज आत गेले. पेशीची वाट तसूभरही बदलली नाही तरी लॅक्टिक आम्लातील खूण निम्म्यावर येईल. असावध परीक्षक म्हणेल, 'औषधाने ग्लुकोजचा मार्ग रोखला.' वस्तुतः औषधाने फक्त खुणेच्या साखरेत साधी साखर मिसळली. म्हणून योगातील साखर आधी मोजली पाहिजे, आणि तेवढीच साखर पण औषध नाही असे तुलनेचे पात्र ठेवले पाहिजे.

दुसरे, कषायरसप्रधान द्रव्यांतील टॅनिने द्रवातील प्रथिनांना बांधतात. तसेच, जिवंत पेशी मोजण्यासाठी सर्वत्र वापरली जाणारी एमटीटी नावाची रंगचाचणी अनेक वनस्पतिजन्य द्रव्यांनी पेशी नसतानाही रंग देते, कारण ती द्रव्ये स्वतःच त्या रंजकाचे क्षपण करतात. पेशीविरहित पात्राची जोड नसलेला असा अहवाल हाती आला, तर निर्मात्याने तो परत पाठवावा हे उत्तम.

तिसरे व सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, औषध पेशीपर्यंत कोणत्या रूपात पोहोचते? दारुहरिद्रेतील बर्बेरिन मायटोकॉन्ड्रियातील श्वसनसाखळीच्या पहिल्या संकुलास अटकाव करते, असे २००८ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसले. हे महत्त्वाचे आहेच. पण मुखावाटे दिलेल्या बर्बेरिनचा एक टक्क्याहूनही कमी अंश रक्तात पोहोचतो, असे मोठ्या उंदरांवरील अभ्यास सांगतात. हरिद्रेतील कर्क्युमिनचीही तीच स्थिती. आतडे व यकृत त्याचे रूपांतर करून टाकतात. बंगळुरू येथील संशोधकांनी १९९८ साली दाखविले की, २ ग्रॅम कर्क्युमिनबरोबर २० मिलिग्रॅम पिपरिन दिल्यास मनुष्याच्या रक्तातील त्याची उपलब्धता सुमारे २० पट होते. मरिच-पिप्पलीचे साहचर्य योजणाऱ्या आपल्या परंपरेला ही गोष्ट सुखावणारी आहे. पण तिचा दुसरा अर्थही पाहावा. ज्या द्रव्याची रक्तातील उपलब्धता एका अनुपानाने वीसपट बदलते, ते पात्रात थेट ओतून आलेला निष्कर्ष कोणत्या रुग्णाला लागू समजावयाचा?

आधुनिक औषधेही याला अपवाद नाहीत. मेटफॉर्मिनचे उगमस्थान गॅलेगा नावाच्या युरोपीय वनस्पतीत आहे. पुरःस्थ ग्रंथीच्या कर्कपेशींत मेटफॉर्मिनने ग्लुकोजचे ज्वलन घटते व ग्लुटामिनची उलटी वाट वाढते, असे खुणेच्या कार्बनने २०१३ साली दाखविले. तथापि पात्रांतील प्रयोगांत मेटफॉर्मिनची जी तीव्रता सामान्यतः वापरली जाते, ती मधुमेही रुग्णाच्या रक्तातील तीव्रतेहून बरीच अधिक असते, ही टीका त्यांच्याच क्षेत्रातील अभ्यासकांनी केली आहे. स्वतःच्या पद्धतीवर उघड टीका करण्याचा हा गुण आपण त्यांच्याकडून अवश्य घ्यावा.

धात्वग्नी आणि तीन न्याय

या विषयावर बोलताना एक मोह टाळणे आवश्यक आहे. पेशीतील कार्बनच्या वाटा पाहिल्या की, 'हाच आमचा धात्वग्नी' असे म्हणण्याची घाई होते. एक जाठराग्नी, पाच भूताग्नी आणि सात धात्वग्नी अशी तेरा अग्नींची व्यवस्था सबंध देहाच्या, आहाराच्या, ऋतूच्या आणि रुग्णाच्या बलाच्या संदर्भात मांडलेली आहे. पात्रातील पेशीला जाठराग्नी नाही, ऋतू नाही, मन नाही. तेथे दिसणाऱ्या व्यापारास धात्वग्नी म्हटल्याने पेशीचे ज्ञान वाढत नाही आणि शास्त्राचा अर्थ मात्र आकुंचित होतो.

साम्य शोधायचेच तर ते उत्तरात नव्हे, प्रश्नात आहे. क्षीरदधिन्याय, केदारीकुल्यान्याय आणि खलेकपोतन्याय हे तीन न्याय आपण सर्वांनी विद्यार्थिदशेत पाठ केले आणि चक्रपाणिदत्ताने चरकावरील टीकेत त्यांचा केलेला ऊहापोह वाचला. आहाररस संपूर्णपणे एका धातूचे रूप सोडून दुसऱ्याचे घेतो काय? पाटाच्या पाण्याप्रमाणे एकेक वाफा भिजवीत पुढे जातो काय? की खळ्यावरील कबुतरे आपापला दाणा टिपून आपापल्या वाटेने जावीत, तसे प्रत्येक धातू आपला अंश थेट घेतो? पोषण कोणत्या वाटेने जाते, हा प्रश्न आपल्या आचार्यांना इतका महत्त्वाचा वाटला की, एकमत न होता त्यांनी तीन पक्ष जपून ठेवले. खुणेच्या कार्बनचे अभ्यासक त्याच जातीचा प्रश्न निराळ्या पातळीवर विचारीत आहेत. प्रश्नाचे हे नाते मान्य करावे; त्यांच्या उत्तरावर आपला शिक्का मारू नये.

आमच्या सूचना

काही ज्येष्ठ सहकारी म्हणतील, 'सहस्रावधी वर्षांच्या अनुभवास पेशींच्या दाखल्याची गरज काय?' त्यांस आमचे नम्र उत्तर असे की, अनुभवास नसेल, पण पत्रकात पेशींचा दाखला छापणारे आपणच आहोत. एकदा साक्षीदार बोलाविल्यावर त्याची उलटतपासणी टाळता येत नाही. तरुण औषधनिर्माते म्हणतील, 'स्पर्धेच्या जगात अहवालावाचून माल उचलला जात नाही.' ही अडचण खरी आहे आणि ती आम्ही हलकी लेखीत नाही. पण औषधे व जादुई उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) अधिनियम, १९५४ याच्या अनुसूचीत कर्करोग व मधुमेह यांचा समावेश आहे, याचा विसर पडू नये. आणि कायद्याहूनही मोठी गोष्ट म्हणजे, ते पत्रक वाचणारा रुग्ण कित्येकदा शस्त्रक्रियेची वा किरणोपचाराची तारीख पुढे ढकलण्याचा विचार करीत असतो. 'मानवी पेशींवर सिद्ध' या शब्दांचा अर्थ तो 'माणसांवर सिद्ध' असाच घेतो. त्याने गमावलेले महिने कोणताही खुलासा परत देऊ शकत नाही.

म्हणून संघटनेच्या सभासदांपुढे आम्ही चार सूचना ठेवीत आहोत.

पहिली : केवळ संवर्धित पेशींवरील निष्कर्ष औषधाच्या वेष्टनावर, पत्रकात वा जाहिरातीत छापू नयेत. ते शास्त्रीय नियतकालिकात, पद्धतीच्या पूर्ण तपशिलासह, अवश्य प्रसिद्ध करावेत.

दुसरी : प्रयोगशाळेकडून चाचणी करवून घेताना निर्मात्याने पाच गोष्टी लेखी मागाव्यात. पोषक द्रवात ग्लुकोज व इतर घटक किती होते. आपल्या योगाने त्यात साखर व आम्लांची किती भर घातली. वापरलेली तीव्रता रुग्णाच्या रक्तात शक्य आहे काय. द्रव्याचा केवळ साठा मोजला की खूणही, आणि पेशीने आत किती घेतले व बाहेर किती टाकले. औषधविरहित व पेशीविरहित तुलनेची पात्रे ठेवली होती काय. या पाचांची उत्तरे न देणाऱ्या अहवालावर पैसे खर्च करण्यापेक्षा तोच पैसा कच्च्या द्रव्याच्या परीक्षणावर खर्च केलेला बरा.

तिसरी : आयुर्वेद महाविद्यालयांतील द्रव्यगुण व शारीरक्रिया विभागांनी जवळच्या विद्यापीठातील जीवरसायन विभागाशी संबंध जोडावेत. औषध घेतलेल्या व्यक्तीच्या रक्तरसात पेशी वाढवून पाहणे, म्हणजे जाठराग्नी व यकृत यांच्या संस्कारानंतरचे द्रव्य पेशीपुढे ठेवणे, हा मार्ग आपल्या कल्पांना अधिक न्याय देणारा आहे. अर्थात त्यासाठी नैतिक समितीची अनुमती व सहभागी व्यक्तीची संमती अनिवार्य आहे. हेन्रिएटा लॅक्स या स्त्रीच्या पेशी १९५१ साली अमेरिकेत बाल्टिमोर येथे तिला न विचारता घेतल्या गेल्या आणि जगभरच्या प्रयोगशाळांत वाढविल्या गेल्या. पात्रातील प्रत्येक पेशीमागे एक माणूस असतो, याचे स्मरण त्या घटनेने सर्वांना करून दिले आहे.

चौथी : निष्फळ ठरलेल्या चाचण्यांनाही या त्रैमासिकात स्थान मिळावे. अमुक क्वाथाचा अमुक पेशींवर काहीही परिणाम दिसला नाही, हे वाक्य छापण्याचे धैर्य दाखविले, तरच परिणाम दिसल्याच्या वाक्यावर इतरांचा विश्वास बसेल.

या चार सूचनांवर सभासदांनी आपली अनुकूल-प्रतिकूल मते मोकळेपणाने कळवावीत. विशेषतः औषधनिर्मात्यांच्या व्यावहारिक अडचणी समोर आल्या, तर संघटनेच्या आगामी वार्षिक सभेत पहिल्या दोन सूचनांचा ठरावरूपाने विचार करता येईल. तोपर्यंत प्रत्येकाने आपल्या दुकानातील व चिकित्सालयातील पत्रके एकदा काढून वाचावीत आणि त्यांतील कोणते वाक्य आपण रुग्णाच्या डोळ्यांला डोळा भिडवून उच्चारू शकतो, ते स्वतःशीच ठरवावे, एवढीच विनंती.